शाळा नेपाळात, मदत महाराष्ट्रातून : वाचकांचे प्रश्न

परदेशातल्या गरीब मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रं नेपाळबद्दलची आहेत. कुणाच्या सोसायटीचा वॉचमन तिकडचा, कुणाच्या हॉटेलातला आचारी, कुणी ट्रेकला किंवा मुक्तिनाथला जाऊन आलेलं. म्हणून या अंकात फक्त नेपाळ. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या सोसायटीचे वॉचमन अछाम जिल्ह्यातले. बायको आणि दोन मुलं गावी असतात. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, दोघं सरकारी शाळेत. गावाकडचा एक माणूस दोघांना काठमांडूच्या बोर्डिंगात घालून देतो म्हणतोय. सोसायटीतून वर्षाला लाखभर रुपये जमतील. द्यावेत का? (पुणे)

पैसे द्या, पण काठमांडूसाठी देऊ नका. मुलं आईजवळ आहेत आणि शाळेत जातायत, म्हणजे निम्मी लढाई जिंकलेलीच आहे. ती घडी मोडून सात आणि बारा वर्षांची पोरं परक्या शहरात कुणाच्या तरी भरवशावर ठेवायची, तर त्याला तसंच सबळ कारण हवं. असल्या मध्यस्थांबद्दल पुढे बालगृहाच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे, ते आधी वाचा.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने आणि २०१८ च्या कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण सक्तीचं आणि मोफत, तर बारावीपर्यंतचं मोफत ठरवलं आहे. सरकारी शाळेला तिकडे सामुदायिक विद्यालय म्हणतात. तिथे पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, फक्त ती वेळेत पोहोचतातच असं नाही. कागदावर फी नसली तरी परीक्षा शुल्क, संगणक शुल्क किंवा ‘सहयोग’ म्हणून पैसे घेणाऱ्या शाळा आहेत. त्यात गणवेशाचे दोन जोड, बूट, दप्तर आणि वह्या धरा. दोन मुलांचा हा सगळा खर्च लाखाच्या जवळपासही जात नाही.

मग मूल गळतं कशाने? डोंगरी भागात पाचवी किंवा आठवीपर्यंतची शाळा गावात असते, पुढची दोन टेकड्या ओलांडून. सरकारी दुपारचा खाजा, म्हणजे शाळेतलं खाणं, पाचवीपर्यंतच मिळतो. सहावीपासून मूल सकाळी जेवून निघतं ते संध्याकाळीच खातं, आणि शेवटच्या दोन तासांना त्याचं डोकं चालत नाही. मुलीच्या वाट्याला पाणी, गवत आणि धाकटी भावंडं येतात. अछाम आणि आसपासच्या जिल्ह्यांत पाळीच्या दिवसांत मुलीला घराबाहेरच्या खोपट्यात ठेवण्याची प्रथा, छाउपडी, २०१७ च्या कायद्याने गुन्हा ठरली, तरी पुरती गेलेली नाही. त्या दिवसांत शाळा बुडते ती वेगळीच. आणि लग्नाचं कायदेशीर वय वीस असलं तरी दहावीच्या आधी लग्नं लागतात.

तेव्हा लाखाचा आकडा बाजूला ठेवा आणि मुलांच्या आईला फोनवर चार गोष्टी विचारा. गावची शाळा कितवीपर्यंत आहे? पुढची किती तासांवर आहे? मुलगी डबा नेते का? इंग्रजी, गणित आणि विज्ञानाला शिक्षक आहे का, की जागा रिकामी आहे? उत्तरं ऐकली की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळेल. बहुतेक वेळा ते रोजचा डबा, आठवीपासून त्या तीन विषयांची शिकवणी आणि नववीनंतर शाळेजवळच्या नातेवाइकाकडे राहण्याचा खर्च यांत जातात. उरलेली रक्कम इथेच आवर्ती ठेवीत टाका. खरा खर्च दहावीनंतर सुरू होतो.

एक खुलासा. नेपाळात ‘बोर्डिंग’ म्हणजे वसतिगृह असतंच असं नाही, खासगी इंग्रजी शाळेलाही सर्रास बोर्डिंग म्हणतात. त्यामुळे आईवडिलांच्या मनात नेमकं काय आहे ते विचारून घ्या. जवळच्या बाजारपेठेतल्या खासगी शाळेत घालून मुलं घरीच राहणार असतील, तर विचार करायला हरकत नाही. तिथे दरमहा फी, वार्षिक शुल्क, दरवर्षीचं भर्ना म्हणजे प्रवेश शुल्क, बस आणि पुस्तकं असा पाच ठिकाणी खर्च असतो. चौकशी करताना फक्त महिन्याची फी सांगितली जाते. वर्षाचा एकूण आकडा शाळेच्या कागदावर लिहून मागवा.

पैसे कसे पाठवायचे? बँकेत गेलो तर डॉलरचे फॉर्म पुढे केले. (ठाणे)

नेपाळला डॉलर लागत नाहीत. तिथल्या रहिवाशाशी व्यवहारासाठी परकीय चलन काढायलाच आपल्या नियमांत मनाई आहे, व्यवहार रुपयांतच होतो. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००८ पासून भारत-नेपाळ रेमिटन्स योजना चालवली आहे. एनईएफटी असलेल्या शाखेतून रुपये जातात, स्टेट बँकेमार्फत नेपाळ एसबीआय बँकेकडे पोहोचतात आणि समोरच्याला नेपाळी रुपयांत मिळतात. काउंटरवरच्या माणसाला योजनेचं पूर्ण नाव सांगा, नाहीतर परदेशी व्यवहार म्हटल्यावर तो नेहमीचाच फॉर्म काढतो.

खात्यातून पाठवलं तर एका वेळी दोन लाखांपर्यंत जातात. ही मर्यादा २०२१ मध्ये वाढली, त्याआधी ती पन्नास हजार होती. रोख भरलेत तर आजही पन्नास हजारच, आणि वर्षातून बारा वेळा. विनिमयाचा दर १९९३ पासून बांधलेला आहे : भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०. तुम्ही १२,००० पाठवले तर तिकडे १९,२०० व्हायला हवेत. कुणी एजंट १५० चा भाव सांगत असेल तर मधले दहा त्याच्या खिशात.

पैसे अडकतात ते बहुधा नावामुळे. पासबुकावर ‘कुमारी’ किंवा ‘देवी’ लागलेलं असतं आणि आपण ते गाळतो. आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. खातेपुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा आणि अक्षर न् अक्षर तसंच भरा. पहिल्यांदा हजार रुपये पाठवून बघा, पोहोचले की पुढचे.

वडील इथेच कामाला असतील तर त्याहून सोपा मार्ग आहे. पैसे त्यांना द्या. ते एरवीही दर महिन्याला घरी पाठवतच असतात. फक्त नात्याबाहेरच्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळून पन्नास हजारांच्या वर रक्कम मिळाली, तर ती सगळीच त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. पगार बेताचा असल्याने कर बहुधा लागणार नाही, पण कागद नीट असलेले बरे. रक्कम त्यांच्या खात्यावर द्या आणि शाळेची पावती मागा. यातले काही पैसे घराच्या पत्र्यावर किंवा आजीच्या औषधावर गेले तर लगेच फसवणूक झाली म्हणून आकांडतांडव करू नका. घर गळत असेल तर वह्याही भिजतातच.

पाच-दहा मुलांसाठी किंवा शाळेसाठीच द्यायचं असेल, तर शाळेच्या नावाचं खातं हवं आणि ते एकट्या हेडसरांच्या सहीवर चालणारं नको. प्रत्येक सामुदायिक शाळेला पालकांची व्यवस्थापन समिती असते. समितीच्या बैठकीत देणगीची नोंद व्हावी आणि नोंदीची प्रत तुमच्याकडे यावी, एवढी अट घाला. पालिकेच्या शिक्षण शाखेलाही शाळेने कळवावं. २०१५ नंतर शाळा स्थानिक पालिकांच्या अखत्यारीत आल्या आहेत.

या देणगीवर करसवलत मिळते का? (नाशिक)

नाही. ज्याला सगळे ८०-जी म्हणतात ती सवलत भारतात नोंदलेल्या आणि मंजुरी मिळालेल्या संस्थांनाच आहे. नेपाळची शाळा किंवा संस्था त्यात बसत नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर इथल्या संस्थेला देऊनही ही वजावट मिळत नाही. भारतीय ट्रस्टमार्फत पाठवतो म्हणणाऱ्याला विचारा की भारताबाहेर खर्च करायला प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी आहे का. बहुतेकांकडे नसते.

परदेशातल्या वाचकांनी आपापल्या देशाचा नियम बघावा. अमेरिकेत नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेलं वजा होतं, एखाद्या कुटुंबाला थेट पाठवलेलं होत नाही. ब्रिटनमधल्या संस्थेला गिफ्ट एडचा फॉर्म भरून दिलंत तर प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात.

पोखऱ्याला फिरायला गेलो असताना हॉटेलवाल्याने एका बालगृहात नेलं. वीस-बावीस अनाथ मुलं, फार गोड. एका मुलाचा महिन्याचा खर्च उचला म्हणतात. घरात सगळ्यांची तयारी आहे. (कोल्हापूर)

थांबा. नेपाळच्या बालगृहांतली बहुतेक मुलं अनाथ नसतात. त्यांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक, हयात असतात. हे तिथल्या सरकारी यंत्रणेला आणि युनिसेफला वर्षानुवर्षं ठाऊक आहे.

१९९६ ते २००६ या दहा वर्षांच्या यादवीत हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या शाळा बंद पडल्या, कोवळ्या पोरांना बंडखोर ओढून नेतील ही भीती होती. दलाल गावात येत, ‘शहरात शिकवतो’ म्हणत, आणि आईबाप जमीन गहाण टाकून त्यांच्या हाती पैसे आणि मूल दोन्ही देत. शहरात पोहोचल्यावर कागदोपत्री आईबाप मेलेले दाखवले जात, कधी मुलाचं नावही बदललं जाई. मग अनाथ म्हणून पाहुण्यांकडून देणग्या. यादवी संपली तरी धंदा संपला नाही, कारण देणारे येतच राहिले. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर सरकारला आईवडिलांशिवाय किंवा अधिकृत पालकाशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवावी लागली, ती याच अनुभवामुळे.

नकाशा बघितला की गोम कळते. मुलं येतात कर्नालीच्या, म्हणजे हुमलाकडच्या डोंगरांतून, बालगृहं उभी राहतात काठमांडूच्या खोऱ्यात, पोखऱ्यात आणि चितवनमध्ये. म्हणजे जिथे पर्यटक उतरतात तिथे. तुम्हाला हॉटेलवाल्याने तिथे नेलं, हीच पहिली शंकेची जागा. चांगलं बालगृह वाटेवरच्या पाहुण्याला मुलांमध्ये सोडत नाही, त्यांच्याकडून नाच करून घेत नाही, आणि मुलांचे खरे आईबाप शोधून त्यांना घरी पाठवण्याची खटपट करत असतं. तेव्हा गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली, असं विचारा. ‘एकही नाही, यांना कुणीच नाही’ असं उत्तर आलं तर उठून या.

सगळीच बालगृहं खोटी नाहीत. पण ओळखायला कागद बघावे लागतात : जिल्हा प्रशासन कार्यालयातली दर्ता म्हणजे नोंदणी, तिचं चालू वर्षाचं नवीकरण, परदेशी पैसा घ्यायचा तर समाज कल्याण परिषदेची मंजुरी, लेखापरीक्षण अहवाल, आणि राष्ट्रीय बालअधिकार परिषदेचा तपासणी अहवाल. यातलं एक जरी ‘देतो, देतो’ म्हणून टाळलं गेलं तरी पैसे देऊ नका. हेच पैसे मुलं घरी परत पोहोचवणाऱ्या किंवा गावातल्या शाळेत टिकवणाऱ्या कामाला दिलेत तर एका मुलाच्या वसतिगृहाच्या खर्चात घरी राहणारी कितीतरी मुलं शिकतात.

आम्ही एका मुलीची फी भरतो. प्रगतिपुस्तकावर तारीख २०८२ ची आणि जन्मसाल २०६९! फोटोशॉप केलंय का? शिवाय तिच्या जन्मदाखल्यावर महिना वेगळाच आहे. (डोंबिवली)

फसवणूक नाही. नेपाळात सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतो. वर्ष एप्रिलच्या मध्यावर, १ वैशाखला सुरू होतं आणि शाळेचं सत्रही तेव्हाच. पौषाच्या मध्यापर्यंत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा, त्यानंतर चैत्र संपेपर्यंत ५६. २०६९ चा भदौ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर २०१२, पण २०६९ चा माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी २०१३. तिकडचे महिने सौर आहेत. ‘भदौ ५’ वाचून आपण ऋषिपंचमी धरली तर चुकतो, तो साधारण २१ ऑगस्ट असतो.

जन्मदाखल्यातला फरक मात्र हसण्यावारी नेऊ नका. दहावीच्या एसईई परीक्षेची नोंदणी नववीत होते आणि तेव्हा नोंदलेली तारीख पुढे नागरिकता प्रमाणपत्र, पासपोर्ट, नोकरी सगळीकडे पिच्छा पुरवते. शाळेत घालताना अंदाजाने लिहिलेली तारीख आणि वडा म्हणजे वॉर्ड कार्यालयातली जन्मदर्ता (जन्मनोंद) यांचा मेळ नसणं खेड्यात नित्याचं आहे. मुलगी आठवीत असतानाच शाळेच्या हजेरीपटावरचं नाव, तारीख आणि आईवडिलांच्या नावांची अक्षरं जन्मदर्तेशी ताडून घ्यायला सांगा. त्या वयात ते हेडसरांना अर्ज देऊन जमतं, एसईई झाल्यावर काठमांडूपर्यंत खेटे घालावे लागतात.

निकालाबद्दलही थोडं. आता गुणांऐवजी श्रेणी असतात. लेखी परीक्षेत ३५ टक्क्यांखाली राहिलेल्या विषयापुढे ‘एनजी’ (नॉन-ग्रेडेड, म्हणजे श्रेणी नाही) लागतं. हा नियम आल्यावर २०२४ मध्ये निम्म्याहून जास्त मुलांचा निकाल असा अडकला होता. गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे अडणारे विषय. म्हणून आम्ही शिकवणीचे पैसे आठवीपासून म्हणतो. दहावीच्या पौषात शिकवणी लावून काही उपयोग होत नाही.

एका मुलाला दत्तक घेतल्यासारखं द्यावं की सगळ्या शाळेला? संस्था तर फोटो पाठवून ‘हे तुमचं मूल’ म्हणतात. (न्यू जर्सी)

दोन्हींत काही अर्थ आहे. वर्ल्ड व्हिजन किंवा प्लॅन इंटरनॅशनलसारख्या मोठ्या संस्थांत फोटोतल्या मुलाच्या हाती तुमचे पैसे जात नाहीत. ते गावाच्या कामात एकत्र होतात. तसं त्या लिहितातही, पण बारीक अक्षरात. आम्हाला त्यात गैर वाटत नाही. एका घराला मिळालं आणि शेजारच्याला नाही, की गावात काय होतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

मुलावार मदतीने फरक पडतो याचा पुरावाही आहे. कम्पॅशन इंटरनॅशनल या संस्थेच्या सहा देशांतल्या मुलांचा मोठेपणी घेतलेला शोध २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आला. मदत मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. त्या देशांत भारत होता, नेपाळ नव्हता. आणि तिथे नुसती फी दिली जात नव्हती, आठवड्याचे ठरावीक तास मुलांबरोबर बसणारी माणसं होती. फी भरून मोकळं झालं की तोच निकाल मिळेल असं समजू नका.

आमचं मत विचाराल तर : ओळखीचं कुटुंब असेल तर त्या घरातली सगळी भावंडं, फक्त हुशार मुलगा नव्हे. ओळख नसेल तर शाळेतला एखादा वर्ग. आठवी ते दहावीच्या मुलींचा दुपारचा डबा, किंवा रिकाम्या जागेवर विज्ञान शिक्षकाचं वर्षभराचं मानधन. शाळेला रंग आणि दात्याच्या नावाची पाटी मात्र नको.

वॉचमनदादा मुलांनाच इथे आणायचं म्हणतात. नेपाळी मुलांना आपल्याकडे शाळेत घेतात का? (पिंपरी)

घेतात. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला यायचाय म्हणून अडवून ठेवता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवावं लागतं. महापालिकेच्या शाळेत जा. खासगी शाळेतल्या २५ टक्के कोट्याच्या मागे लागलात तर कागदपत्रांतच जून उलटेल. वेळ जुळवणं महत्त्वाचं : त्यांचं वर्ष चैत्रात संपतं, आपली शाळा जूनमध्ये भरते, मध्ये दोन महिने मिळतात. येताना जन्मदर्ता, मागच्या वर्षीचा निकाल आणि शाळेचं स्थानांतरण प्रमाणपत्र आणायला सांगा.

इथे दहावी करून परत नेपाळात अकरावीला जायचं असेल तर भक्तपूरजवळच्या सानोठिमीतल्या सरकारी कार्यालयातून समकक्षतेचा दाखला काढावा लागतो. त्यासाठी मूळ गुणपत्रिका जपून ठेवा.

मुलाशी व्हिडिओ कॉल, वाढदिवसाला मोबाइल, फेसबुकवर फोटो, चालतं का? (मडगाव)

कॉल आई किंवा शिक्षक जवळ असताना, त्यांच्याच फोनवरून. मोबाइल नको. फोटो टाकायचाच तर शाळा, गाव आणि पूर्ण नाव नको. ‘गरीब बिचारा’ म्हणून स्वतःचा चेहरा मोठेपणी त्या मुलाला बघायला मिळाला तर कसं वाटेल, एवढा विचार करा. सक्तीची आभारपत्रंही बंद. वर्षातून एकदा निकालाची प्रत आणि पावत्या आल्या की पुरे.

किती वर्षांची तयारी ठेवावी? मध्येच नोकरी गेली तर? (छत्रपती संभाजीनगर)

ज्या वर्गात मूल आहे तिथून बारावीपर्यंत मोजा. सातवीतल्या मुलीला सहा वर्षं. दहावीनंतर तांत्रिक शिक्षणाकडे जायचं, सीटीईव्हीटी या सरकारी तांत्रिक शिक्षण परिषदेचा तीन वर्षांचा नर्सिंग किंवा सब-इंजिनिअरचा डिप्लोमा, तर त्या तीन वर्षांचा खर्च साध्या अकरावी-बारावीच्या कितीतरी पट असतो. ते झेपणार नसेल तर नववीतच घरच्यांना स्पष्ट सांगा.

सुरुवात करताना एका वर्षाची रक्कम वेगळी काढून ठेवा आणि तिला हात लावू नका. थांबायची वेळ आलीच तर त्या रकमेतून चालू सत्र पूर्ण होऊ द्या आणि घरी किमान सहा महिने आधी कळवा, म्हणजे खासगी शाळेतलं मूल नव्या सत्राच्या भर्नाच्या वेळी, वैशाखात, सामुदायिक शाळेत हलवता येतं. वर्षाच्या मध्यात फी थांबली तर काही खासगी शाळा गुणपत्रिका आणि दाखला अडवून ठेवतात, आणि मग दुसऱ्या शाळेत नाव घालायची पंचाईत होते. म्हणून शेवटचा हप्ता फाल्गुनात, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोहोचवा आणि ‘बाकी काही नाही’ असं शाळेकडून लिहून घ्या.